लेकरं घरीच राहावीत म्हणून...

घरातला कर्ता पुरुष गेला, की दहाव्याच्या आत एक वाक्य हमखास कानावर येतं. कधी चुलतदीर बोलतो, कधी मावससासरा, कधी गावातला एखादा जाणता माणूस. पण बोलतो सगळ्यांच्या वतीनं. "पोरं संस्थेत टाकू. निदान दोन वेळचं खाऊन तरी राहतील." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. त्याला दिसत असतात ते रिकामे डबे आणि खाणारी तोंडं. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी ती काय सांगणार? आपलं काय झालंय हेच अजून तिला उमगलेलं नसतं.

आमचं तालुक्याचं गाव. भोवती तीस-चाळीस खेडी. महिला मंडळाच्या कामानिमित्त गेली चौदा-पंधरा वर्षं मी अशा घरांमधून जाते आहे. बालगृहांतही जाते, दिवाळीला फराळ घेऊन, जूनमध्ये वह्या घेऊन. मैत्रिणींनो, तिथली सगळी मुलं अनाथ असतील असं आपल्याला वाटतं ना? मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेकांना आई होती. कुणाची आई ऊसतोडीला गेलेली, कुणाची माहेरी भावाच्या दारात पडून असलेली, कुणाची चार घरची भांडी घासणारी. आई असून लेकरू परक्या छपराखाली, आणि कारण काय, तर महिन्याकाठचे दोन-तीन हजार रुपये कमी पडतात!

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा, पण शब्द तोच सुचतो). हेच दोन-तीन हजार सरकार घरी द्यायला तयार आहे. योजनेचं नाव बालसंगोपन योजना. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. ज्या मुलाचे आई-वडील दोघंही नाहीत, किंवा दोघांपैकी एकच आहे, ज्याचे आई-वडील वेगळे झालेत, तुरुंगात आहेत, कर्करोगासारख्या मोठ्या आजारात सापडलेत, अशा मुलाला अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत दरमहा मदत मिळते. पूर्वी ती ४२५ रुपये होती. त्यात काय व्हायचं? २०२३ पासून ती एका मुलामागे २२५० रुपये झाली. मूल राहतं आईजवळ, आजीजवळ, मामाकडे, म्हणजे कुटुंबात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही अशीच महिना ४००० रुपयांची मदत आहे. तिला उत्पन्नाची अट आहे : खेड्यात वर्षाला ७२,००० रुपयांच्या आत, शहरात ९६,००० रुपयांच्या आत. आपल्या मुलाला यातली कोणती लागू पडते ते जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारायचं.

आणि कायदाही हेच म्हणतो बरं का! २०१५ च्या बालन्याय कायद्यात स्पष्ट तत्त्व आहे, की मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. आधी घर, मग नातलग, मग दुसरं कुटुंब, आणि यातलं काहीच जमलं नाही तर संस्था. आपल्या गावांत मात्र पहिली उडीच शेवटच्या पायरीवर.

सावित्रीबाईंचं नाव या योजनेला शोभतं. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात विधवांच्या बाळांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि अशाच एका मुलाला, यशवंतला, पोटाशी धरून वाढवलं. पुढे पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम. त्या काळी घर विधवेला आत घेत नव्हतं, म्हणून तिच्यासाठी दुसरं घर बांधावं लागलं. आज तशी वेळ कितीशा घरांवर येते? घर आहे, आई आहे, आजी आहे. नाहीये ती चूल पेटती ठेवण्याची सोय.

मग अडतं कुठे? एका घराची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही, तिनेच तशी अट घातली आहे.

२०२३ च्या सुरुवातीची गोष्ट. नवरा छत्तीस वर्षांचा, कांद्याचा टेंपो चालवणारा. रात्री छातीत दुखतंय म्हणाला, पहाटे संपला. मागे तीन मुलं. मोठी तेरा वर्षांची, मधली दहाची, धाकटा सहाचा. एक एकर कोरडवाहू रान. दहाव्याला भावकी बसली आणि ठरलं : पोरगा आजोबांजवळ राहील, दोन्ही पोरी संस्थेत. पोरगा का राहणार आणि पोरी का जाणार, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडे तसले प्रश्न विचारायचे नसतात!

तिथे तोंड उघडलं ते सासूनं. सासूविषयी आपण काय काय बोलतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. आतल्या खोलीतून म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "ल्योक गेला माझा. आता नाती बी घालवू व्हय? पोरी जायच्या आसतील तर माझं बी गठुडं बांधा." बैठक तिथेच मोडली. निर्णय झाला नाही, पण सवड मिळाली. आणि अशा वेळी सवड म्हणजे फार मोठी गोष्ट.

त्या सवडीत पहिलं काम केलं ते अंगणवाडीच्या ताईनं. ती भेटायला गेली, चहा घेतला नाही, रडलीही नाही. तिने एवढंच विचारलं, "भाऊजींची नोंद केली का ग्रामपंचायतीत?" केली नव्हती. माणूस दवाखान्यात गेला तर दवाखाना कळवतो. घरी गेला तर घरच्यांनी कळवायचं असतं, २१ दिवसांच्या आत. हे दुःखाच्या घरात कुणाच्या लक्षात राहणार? पण पुढची सगळी गाडी त्या एका कागदावर चालते. मृत्यूचा दाखला नाही तर बाई विधवा असल्याचं गावाला दिसतं, सरकारला दिसत नाही. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क, वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. त्या ताईच्या एका प्रश्नानं या घराचे किती हेलपाटे वाचले, याचा हिशोब नाही.

दुसरा कागद तिच्यापुढे आला तो मात्र आपल्या पायांनी आला. दिरानं आणला. "सही कर, सातबाऱ्याचं काम आहे." ते हक्कसोडपत्र होतं. तिने सही केली नाही, कारण तिला वाचता येत होतं. सातवीपर्यंत शिकलेली होती. एवढंच कारण! नवऱ्याच्या रानात बायकोचा आणि सगळ्या मुलांचा, मुलींचासुद्धा, वाटा असतो. वारसांची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. आपल्यासाठी दोघेही भाऊसाहेबच.) दुःखाच्या पहिल्या महिन्यात कुठल्याही कागदावर सही करू नका, अंगठा तर नकोच. दिराला राग येईल, येऊ द्या. सख्खा असेल तर निवळेल.

नंतर सुरू झाली बालसंगोपनची तयारी. कागद काय काय? मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, शाळेचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलाचं पालकासोबतचं बँक खातं. ऐकायला सोपं. पण मधलीचं नाव शाळेत एक आणि आधारवर दुसरं. एका अक्षराचा फरक, तीन हेलपाटे. धाकट्याचं आधारच नव्हतं. रेशनकार्डावर अजून नवरा जिवंत. आणि एक फोटो लागतो, मुलांचा पालकासोबत, राहत्या घरासमोर. त्या फोटोसाठी ती उंबऱ्याबाहेर येईना. "असल्या तोंडाचा फोटो काढून काय करता?" म्हणाली. शेवटी मोठीनं भावंडांना शाळेचे गणवेश घातले, आईचा हात धरला आणि दारात उभं केलं. फोटो मीच मोबाइलवर काढला. तो बघितला तर शाळेच्या पहिल्या दिवसाचा वाटेल कुणालाही, आईकडे नजर गेली नाही तर.

अर्ज जिल्ह्याला द्यायचा. मग घरी चौकशी होते, अहवाल जातो, आणि बालकल्याण समिती आदेश काढते. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात एक तरी बाई असावीच लागते. मुलांना घेऊन त्यांच्यासमोर जावं लागतं. समितीतल्या बाईंनी मधलीला विचारलं, "तुला कुठं राहायचंय?" ती म्हणाली, "आजीजवळ." आईचं नाव घेतलं नाही म्हणून आई वाटभर तिला चिडवत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं, ते त्या एसटीत.

आमच्या गावाहून जिल्ह्याला जायचं म्हणजे दोन तास जायला, दोन तास यायला. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढाच दिलासा. पण मजुरी बुडते ती पूर्ण बुडते, अर्धी बुडत नाही. त्यात साहेब दौऱ्यावर, नाहीतर नेट बंद. आम्ही पाच खेपा केल्या. सोबत कुणी नसतं तर ती दुसऱ्याच खेपेला घरी बसली असती, आणि मी तिला नावं ठेवली नसती.

अर्ज दिल्यापासून पहिले पैसे हातात पडेपर्यंत आठ महिने गेले. या आठ महिन्यांत त्या घरानं काय खाल्लं? मला विचाराल तर खरी गोष्ट ही आहे.

ती गावातल्या बचत गटात होती. सावकाराला घाबरून पाच वर्षांपूर्वी कधीतरी नाव घातलं होतं. गटातल्या बायकांनी दोन महिने तिचा हप्ता आपापसात भरला. त्यांचा ग्रामसंघ आहे, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांचा मिळून एक संघ, 'उमेद'खालचा. ग्रामसंघाकडे एक वेगळी पेटी असते, तिचं सरकारी नाव 'जोखीम प्रवणता निधी'. असलं नाव कोण ठेवतं कोण जाणे! बायका तिला 'अडीनडीचे पैसे' म्हणतात, तेच बरोबर आहे. घरात आजारपण, मृत्यू, अन्नाची चणचण आली, तर ग्रामसंघाने बैठक घेऊन त्यातून द्यायचं. परतफेड कशी आणि किती दिवसांत हेही बायकांनीच ठरवायचं. या घराला दहा हजार मिळाले, एका संध्याकाळच्या बैठकीत, जिल्ह्याला न जाता, फोटो न काढता. बैठकीत एक बाई कुरकुरली, की ही फेडणार कशी? तर अध्यक्ष म्हणाली, "उद्या तुझं घर आसलं तर?" विषय संपला. जिल्ह्याला आठ महिने लागतात ते काम गावात एका संध्याकाळी होतं, कारण गावात चौकशी अहवाल लागत नाही. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते बायकांना ठाऊक असतं.

शाळेत दुपारचं जेवण होतंच. तालुक्याच्या तहसीलमधून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये एकरकमी मिळाले. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या दरम्यान गेला तर ते मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तिथेच होतो. १९८० पासूनची ही योजना, २०२३ मध्ये तिचे महिन्याला १५०० रुपये झाले. आणि बाई स्वतः कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाऊ लागली. मुलं घरी कोण बघतं? तीच म्हातारी.

पैसे आले तेव्हा तिघांचे मिळून महिन्याचे ६७५० झाले. तेही दर महिन्याला येत नाहीत, साचून साचून येतात, आणि मधल्या काळात दुकानदाराची वही असतेच. तरी त्या वहीचा धाक गेला. पैसे येणार आहेत हे दुकानदारालाही माहीत झालंय!

हे असंच सगळ्यांना मिळू शकतं का? मिळू शकतं, आणि ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. २०२४ च्या पावसाळ्यातले लाडकी बहीणचे अर्ज आठवा. अंगणवाडीत टेबल लागलं, ताई मोबाइल घेऊन बसल्या, कागद नसेल तर हा चालेल, तो चालेल, म्हणून सांगितलं, आणि काही महिन्यांत दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात पैसे गेले. तीच अंगणवाडी, तीच ताई, त्याच बायका. मग बाप गेलेल्या लेकरासाठी ते टेबल का लागत नाही? त्याला जिल्ह्यापर्यंत का चालायला लावायचं? करोनानंतर एकदा ते झालं होतं. २०२१ मध्ये राज्य सरकारने करोनात नवरे गेलेल्या बायकांसाठी मिशन वात्सल्य काढलं, तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याला समित्या केल्या. त्यामागे हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या करोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कार्यकर्त्यांचा रेटा होता. यंत्रणा दारापर्यंत आली, कारण मागे लागणारी माणसं होती. अपघातानं, दारूनं, हृदयविकारानं गेलेल्यांच्या बायकांसाठी तसं मागे लागणारं कोण आहे?

कागदावर आहे. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. तुमच्या गावात तिची शेवटची बैठक कधी झाली, एकदा विचारून बघा. आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी समितीची नावं भिंतीवर रंगवलेली आहेत, पण सदस्यालाच ठाऊक नाही की आपण सदस्य आहोत.

नवरा गेलेल्या बाईला निदान दाखला तरी मिळतो. टाकलेल्या बाईचं काय? नवरा पुण्याला गेला, तिथे दुसरं घर केलं, वर्षाकाठी जत्रेला येतो आणि जातो. गावाला ती सवाष्ण, हळदीकुंकवाला बोलावतात. कार्यालयात गेली की पहिला प्रश्न : नवरा आहे ना? घटस्फोटाचा कागद कुठाय? १९८८ साली संगमनेरला ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली, तेव्हापासून हा प्रश्न मांडला जातोय, आणि अजून तिच्यासाठी असा एक सरळ दाखला नाही. मग कागद तयार करावा लागतो. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात खर्चायला न देणं, घराबाहेर काढणं हेही हिंसेतच येतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार दिली की तो अहवाल लिहितो. तो अहवाल म्हणजे तिच्या हातातला पहिला सरकारी कागद. पुढे कोर्ट. वकिलाचे पैसे कुठून आणू, असं म्हणून बायका इथेच थांबतात. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. ही सोय १९८७ च्या कायद्यातली आहे. माझ्या ओळखीच्या तिघींना मिळाला. त्यातल्या दोघींच्या मुलांचं बालसंगोपन सुरू झालं. तिसरीनं अर्ज मागे घेतला, नवरा जत्रेला आला होता.

संस्था नकोतच, असं मी म्हणत नाही. बाप दारू पिऊन मुलीच्या अंगावर जातो, आई मनानं आजारी, दुसरं कुणी नाही, अशा घरातून लेकराला उचलावंच लागतं, आणि लगेच. त्यासाठी १०९८ हा नंबर आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आता सरकार चालवतं, पैसे पडत नाहीत. घर धोक्याचं आहे आणि घर गरीब आहे, यातला फरक मात्र करायला हवा. गरिबी म्हणजे आईचा गुन्हा नाही, की शिक्षा म्हणून लेकरू काढून घ्यावं.

त्या घरातली मोठी यंदा अकरावीला आहे. दोन वर्षांनी ती अठराची होईल आणि तिचे २२५० बंद होतील. तिला नर्सिंगला जायचंय. इथे एक अडचण आमच्या लक्षात आली आहे. संस्थेत वाढलेलं मूल अठराव्या वर्षी बाहेर पडलं, तर त्याला पुढे पायावर उभं राहायला मदत देण्याची तरतूद त्याच बालन्याय कायद्यात आहे. घरी आजीजवळ वाढलेल्या मुलीला ती लागू नाही. त्यासाठी ग्रामसंघाच्या बायकांनी एक अर्ज लिहून काढलाय, आमदारांना द्यायला. सह्या घेणं सुरू आहे. म्हातारीनं पहिला अंगठा दिलाय, आणि दिरानंही सही केली आहे.